राजूरच्या वाटेवर, लिंबाची काडी चावत

अंगारकीच्या आदल्या रात्री जालना–राजूर रस्ता जागाच असतो. राजूरचा गणपती गणेशाच्या साडेतीन पीठांत गणला जातो. त्याच्या दर्शनासाठी जालना शहरातून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं रात्रभर पायी चालतात. पंचवीसेक किलोमीटरची ती वाट मीही त्यांच्याबरोबर धरली. जागोजागी मांडव होते. साबुदाण्याची खिचडी, केळी, गोड चहा घेतल्याशिवाय कुणी पुढं जाऊ देत नव्हतं.

तांबडं फुटलं तसे घोळके रस्त्याकडेच्या लिंबांखाली थांबू लागले. माझ्यासोबत चालणाऱ्या एका बाबांनी फांदी वाकवून करंगळीएवढ्या जाडीच्या दोन काड्या मोडल्या, पानं ओरबाडली आणि एक काडी माझ्या हाती दिली. टोकाची साल त्यांनी दातांनीच सोलली आणि टोक दाढेखाली धरून निवांत चावत राहिले. हळूहळू त्याचा मऊ कुंचला झाला. मग एकेक दात, हिरडीला न दुखवता. शेवटी काडी मधोमध चिरली, तिच्या फाकेनं जीभ खरवडली, बाटलीतल्या पाण्यानं खळखळून चूळ भरली.

"देवापुढं तोंड न धुता जावं का?" ते म्हणाले.

"आणि बाबा, रात्री निजताना?"

"रात्री कशाला? सकाळचं झालंय की!"

हे उत्तर मी या भागात कितीतरी घरांत ऐकलं आहे. सकाळचं दात घासणं इथं इतकं पक्कं आहे की त्याआधी चहाचा घोट घेणाऱ्याला घरातली म्हातारी माणसं आजही हटकतात. पण रात्रभर खिचडी, केळं, साखरेचा चहा दातांना चिकटून राहतो. झोपेत लाळ कमी सुटते आणि कीड लागायला तोच वेळ सर्वांत सोयीचा. आयुर्वेदातल्या चरकसंहितेनं काडी दोन वेळा वापरायला सांगितली आहे. वाग्भटानं तर वेळाही दिल्या: सकाळी आणि जेवणानंतर. काडी कशी चावावी, हिरड्या कशा सांभाळाव्या हे सगळं शास्त्र त्या बाबांच्या हातात जसंच्या तसं उतरलं होतं. हरवली होती ती फक्त दुसरी वेळ.

ती भरून काढली आहे मिसरीनं. राजूरच्या अलीकडं एका ओट्यावर तीन-चार बायका पाय मोकळे करत बसल्या होत्या. एका मावशींनी कनवटीची डबी काढली, चिमूटभर काळी पूड तळहातावर घेतली आणि तर्जनीनं दातांवरून फिरवू लागल्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटायची, की झाली मिसरी. "हिच्याबिगर तोंड साफ वाटत नाही. जेवल्यावर, दुपारी, निजताना लावतेच," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कुठला कायदा पोचणार? बाई विडी ओढताना दिसली तर गाव नावं ठेवील. तीच तंबाखू दात घासण्याच्या नावाखाली सासूकडून सुनेकडे जाते आणि तोंडाचा कर्करोग सोबत नेते. मावशींना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डबी मात्र पुन्हा कनवटीला गेली.

दर्शन घेऊन एसटीनं भोकरदनकडे निघालो. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या माणसांनी सांचीच्या स्तूपाला दिलेल्या दानाचे लेख आजही तिथल्या दगडांवर आहेत. त्या स्तूपाच्या बौद्ध परंपरेत, भिक्षूंच्या विनयनियमांत, दातांच्या काडीला जागा होती, तिची लांबीसुद्धा ठरलेली होती. भिक्षूंबरोबर ही काडी चीनला गेली आणि तिथून जपानला. जपानमधले झेन आचार्य दोगेन यांनी 1239 मध्ये तोंड धुण्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं, त्यात काडी कशी चावावी हे बारकाईनं सांगितलं. आज तिथं काडी गेली, ब्रश आला, आणि जेवणानंतरची वेळही पाळली जाते. दुपारच्या डब्यानंतर कचेरीच्या बेसिनपाशी ब्रश घेऊन उभं राहण्यात तिथं कुणाला संकोच नाही. कित्येक शाळांत जेवण झालं की मुलं एकत्र दात घासतात. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात, अशी मोहीम जपाननं 1989 मध्ये सुरू केली. 2016 च्या पाहणीत तिथल्या निम्म्याहून अधिक ऐंशी वर्षांच्या माणसांनी ते गाठलं होतं.

मंगळवार असल्यानं वाटेतली जिल्हा परिषदेची शाळा भरलेली होती आणि पोषण आहाराची वेळ झाली होती. खिचडी खाऊन पोरं टाकीच्या तोट्यांपुढं रांगेनं हात धूत होती. तिथल्या गुरुजींना मी जपानी शाळांचं सांगितलं.

"आमच्याकडं उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे वांधे," ते म्हणाले. "ब्रश, पेस्ट कुठून आणू?"

मी मैदानाच्या कडेच्या लिंबाकडे बोट दाखवलं. काडीला पेस्ट लागत नाही आणि पाणी लागतं एका चुळीपुरतं. गुरुजी झाडाजवळ गेले, फांद्या निरखल्या. "शंभर पोरांनी रोज मोडल्या तर झाड उरणार नाही," म्हणाले, आणि मग स्वतःच हिशेब मांडू लागले: आधी फक्त चौथीचा वर्ग, काड्या पोरांनी घरून आणायच्या, आणि येत्या पावसाळ्यात कुंपणाला आणखी लिंब लावायचे.