अकरा महिन्यांनंतर

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना 2024 साली आली तेव्हा मुदत सहाच महिन्यांची होती. पुढे पाच वाढले. पदवीधराला महिना 10,000 रुपये, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000, बारावीला 6,000. माझी बी.एड. झालेली भाची यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत याच योजनेतून शिकवत होती. कायम नोकरीचं वचन त्यात नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण पहिलीची पोरं तिच्याकडून अक्षरं जोडायला शिकली, ते काम कोणी मोजायचं? आता ती घरी बसून टीईटीचा अभ्यास करते. यवतमाळ कापसाचा जिल्हा. शेतीपलीकडे सुशिक्षित पोरांची आशा सरकारी भरतीवरच येऊन थांबते. त्या भरतीत या अकरा महिन्यांना निदान काही गुण मिळायलाच हवेत.