सिस्टर गप्प का राहिल्या?

सोयाबीन काढणीचे दिवस होते. या दिवसांत धरणाजवळच्या आमच्या माकणीत दवाखान्यात कंबर आणि गुडघे दुखणाऱ्यांची रांग लागते. एका काकांना मी घाईत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन लिहून दिलं. सिस्टरांनी ते भरलंही. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मागं याच औषधाच्या गोळीनं ह्यांचं तोंड सुजलं होतं की!"

इंजेक्शन टाकून दिलं. अशा ॲलर्जीत घशाला सूज येऊन श्वास अडकू शकतो, जीवही जाऊ शकतो. तुम्हाला कुठलं औषध सोसत नसेल, तर त्याचं नाव कागदावर लिहून जवळ ठेवा.

संध्याकाळी सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या लक्षात होतं, डॉक्टर. पण काल मी डोस विचारला, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

खरं होतं. मी ते विसरलोही होतो.

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज. आकडे उलटे निघाले! त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, झालेली चूक लपवत नव्हत्या. बोललं तर अपमान होणार नाही, या भरवशाला मानसिक सुरक्षितता म्हणतात. १९९९ साली टीमच्या संदर्भात त्यांनी ती सविस्तर मांडली. तुम्ही बँकेत असा, शाळेत असा, साहेब चिडका असला की माणसं आधी त्याचा चेहरा वाचतात आणि मग बोलायचं की नाही ते ठरवतात.

दुसऱ्या दिवशी पेशंटसमोरच सिस्टरांची माफी मागितली. ओरडलो सगळ्यांसमोर, मग माफी खोलीत कशाला? आता प्रत्येक इंजेक्शनआधी मी विचारतो, "काही राहिलं का?" पहिले कित्येक दिवस उत्तर एकच, "नाही, डॉक्टर." आमचे कंपाउंडर मामा तर अजूनही मान हलवून मोकळे होतात. वीस वर्षांची सवय आहे, तीही मीच लावलेली.

गेल्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, "थांबा, डॉक्टर, मुलाचं वजन चुकलंय." बाहेर पंचवीस पेशंट. पुन्हा काट्यावर उभं केलं. वजन बरोबर होतं. माझ्या कपाळाला आठी पडलीच, पण म्हणालो, "बरं केलंत, विचारलंत ते."

त्यांनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं.