गुरुवार, पाणी बंद!

पुण्यात नव्यानं राहायला आलेल्याला दोन गोष्टी फटकन कळतात. दुपारी एक ते चार दुकानात जायचं नाही आणि गुरुवारी पाणी जाऊ शकतं. पेपरात छोटीशी चौकट येते. जलकेंद्रात देखभाल-दुरुस्ती, गुरुवारी पुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने. की बुधवारी रात्री बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून तयार!

अशाच एका गुरुवारी सुट्टी टाकून मी पर्वतीवर गेलो. 103 पायऱ्या चढेस्तोवर जिमचे पैसे कुठे गेले ते कळतं. टेकडीच्या पायथ्याशी पर्वती जलकेंद्र. खडकवासल्याचं पाणी इथे येतं, गाळलं जातं, क्लोरीन घेतं आणि पेठांकडे निघतं.

देखभाल म्हणजे पंपाला ऑइल, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण बॉस, खरी परीक्षा पाणी परत सोडताना असते. रिकाम्या पाइपात हवा भरलेली असते, ती एअर व्हॉल्व्हमधून हळूहळू बाहेर काढावी लागते. त्यात जोरात शिरलेलं पाणी तळाला बसलेला गाळ आणि गंज उचलून आणतं. तो आपल्या नळात यायच्या आत बाहेर जावा, म्हणून सखल जागेचे वॉशआउट व्हॉल्व्ह उघडतात. त्यामुळे रस्त्याकडेला पाणी वाहताना दिसलं की लगेच 'किती ही नासाडी' म्हणून फोटो फिरवू नका. ती पाइपाची आंघोळ असू शकते. (गळतीही असू शकते म्हणा.)

आणि गळतीच जास्त डेंजर. पाइपात दाब आहे तोवर पाणी बाहेर जातं. दाब गेला की त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर विचारच नको.

पेशव्यांना हे गणित माहीत होतं. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आलं, ते निव्वळ उतारावर, पंपाशिवाय. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, हवा सुटायला आणि आत उतरून साफसफाई करायला. काय भारी शब्द आहे, उच्छ्वास! फडके हौद कुठाय, असं मी एका रिक्षावाल्या काकांना विचारलं. ''हौद? अहो, तो चौक आहे,'' म्हणाले.

हे सगळं जुन्या पुण्याचं. आपल्यापैकी बरेच जण राहतात ते शहराच्या कडेला, टॅंकरवर. तिथे गुरुवार काय नि सोमवार काय! जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे पेशंट वाढले. हातापायातली ताकदच जाते या आजारात. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या. ही गावं महापालिकेत आली 2021 मध्ये. हद्द एका कागदावर वाढते, पाइप मात्र खणूनच टाकावे लागतात. माझा एक मित्र तिथलाच. चाळिसाव्या मजल्याच्या जाहिराती दाखवणाऱ्या बिल्डरला तो आता पहिला प्रश्न विचारतो, पाणी कुठून येतं?

तुम्हीही विचारा. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. ओटी टेस्टचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, सोसायटीत दोन मिनिटांचं काम. शुक्रवारी पहिली बादली गढूळ आली तर ती झाडांना घाला, पिण्याचं पाणी उकळा. आणि गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, तेही सेक्रेटरींना विचारून ठेवा. बहुतेक ते विषय बदलतील.