बुटाखालची रेघ

स्कीच्या दुकानात गेलं की समोरचा विक्रेता सगळ्यात आधी पातळी विचारतो. नवशिके, मधले, की मुरलेले? मग उंची, वजन, मोसमात किती वेळा डोंगरावर जाता. एवढं झालं की तो रांगेतून दोन जोड्या काढून शेजारी शेजारी उभ्या करतो. ही प्लेफुल, म्हणजे खेळकर; ती डायरेक्शनल, म्हणजे एका दिशेने नेटाने उतरायची. आणि मग बरेच जण वरचं चित्र बघून निवड करतात. हे पाहिलं की मला खरंच हळहळ वाटते. उंची-वजनावरून लांबी ठरेल, किती कडक हवी तेही थोडंफार ठरेल. पण स्कीचा स्वभाव ठरवायचा तर तुम्ही उतारावर कसे उभे राहता, हे कुणीतरी विचारायला हवं. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली असते की सैल असते, नजर पुढच्या वळणावर असते की बाजूच्या उंचवट्यावर, हे विचारायला हवं.

माझं उतरणं बर्फ बघायच्या आधीच ठरून गेलं होतं. मी पुण्याची. कॉलेजात असताना राजगड-तोरण्याच्या वाऱ्या चालायच्या, आणि परतीच्या घसाऱ्यावर दोन तऱ्हेची माणसं दिसायची. एक जण वाट डोळ्यांनी खालपर्यंत बघून घेणार आणि टाच रोवत एका लयीत उतरणार. दुसरा या दगडावरून त्या दगडावर उडी घेणार, मध्येच कातळाच्या कडेवर चढून पुन्हा वाटेला लागणार, करवंदाची जाळी दिसली तर तिकडे वळणार. पायथ्याच्या टपरीवर दोघं साधारण बरोबरच पोचायचे. मी पहिल्यातली. माझा धाकटा भाऊ दुसऱ्यातला. कुणीही आम्हाला तसं शिकवलं नव्हतं.

गुलमर्गला पहिल्यांदा गेले ती २००० नंतरची सुरुवातीची वर्षं. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, खालचा टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला होता. अफरवाट डोंगराच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेणारा वरचा टप्पा २००५ मध्ये आला. तिथलं स्कीइंग मात्र खूप जुनं आहे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला होता. आम्हाला भाड्याने मिळालेल्या स्की त्या काळातल्या नसल्या तरी माझ्या डोक्यापेक्षा उंच, अरुंद आणि जवळजवळ सरळसोट होत्या. फिरनच्या आत कांगडी धरून उभा असलेला आमचा शिकवणारा दिवसभर एकच गोष्ट सांगायचा: "मॅडम, आगे दबाओ. पीछे बैठोगे तो स्की भाग जाएगी."

या एका वाक्यात डायरेक्शनल स्कीचं सगळं शास्त्र आहे. उतार समोर आला की भीतीने माणूस मागे रेलतो. मागे रेललं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, बर्फ पकडत नाही, आणि स्की उताराच्या दिशेने सुटते. उलट नडगी पुढे दाबली की वजन टोकाकडे जातं, कड बर्फात शिरते आणि वळण सुरू होतं. त्या सरळ स्कींना कंबर, म्हणजे मधला निमुळतेपणा, जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे पुढे दाबल्याशिवाय त्या वळतच नसत. रात्री नडग्या ठणकायच्या. पण ती दाबायची सवय अंगात मुरली ती कायमची.

पुढे नोकरीने मला श्टुटगार्टला नेलं, आणि तिथून शनिवारी पहाटे गाडी काढली की ऑस्ट्रियातलं आर्लबर्ग गाठता यायचं. स्की वापरायला लागल्यावर मी ज्या ज्या गावी गेले त्यातलं सांक्ट आंटोन मला सगळ्यात जवळचं. हानेस श्नायडर १८९० मध्ये शेजारच्या श्टुबेनमध्ये जन्मला आणि १९२१ मध्ये त्याने सांक्ट आंटोनला स्कीची शाळा काढली. खाली वाकून, वजन पुढे ठेवून, वळणामागून वळण घेत उतरायची त्याची पद्धत तिथून जगभर गेली. १९३८ मध्ये नाझींनी त्याला अटक केली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला गेला आणि तिथेही शिकवत राहिला. त्याच्याबरोबर १९२८ मध्ये आर्लबर्ग-कांदाहार शर्यत सुरू करणारा आर्नल्ड लन हा इंग्रज मद्रासला जन्मलेला. आजच्या स्लॅलम शर्यतीला रूप देणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घ्यावं लागतं.

त्या गावात उतरणं म्हणजे डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतची एक ओळ. तिथली स्कीही तशीच. माझी स्वतःची पहिली जोडी तिथे घेतली. लाकडी गाभा, त्याच्या वर आणि खाली टायटनल नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एकेक पातळ पत्रा, शेपूट जवळजवळ सपाट. एकेक स्की दोन किलोच्या आसपास. सांक्ट आंटोनला दुपार झाली की उतारांची पार वाट लागते: हजारो लोकांनी ढकललेले ढीग, मध्ये गोठलेले पट्टे, त्यावर ओलसर भुगा. हलकी स्की तिथे पावलागणिक धडधडते आणि ती धडधड गुडघ्यात येते. धातूची स्की ती थरथर स्वतःत जिरवते. मी पुढे दाबायचं, तिने कापत जायचं. संध्याकाळी पाय दमलेले असायचे, पण सांधे शाबूत.

ही जोडी घेताना मला थोडं भांडावं लागलं होतं. दुकानातल्या माणसाने न विचारता 'लेडीज' रांगेतली एक मऊ, हलकी जोडी पुढे केली आणि म्हणाला, ही तुम्हाला वळायला सोपी जाईल. बायकांसाठी म्हणून काढलेल्या पुष्कळ मॉडेलांत धातू कमी असतो किंवा नसतोच, आणि बऱ्याचदा बूट बसवायची जागाही थोडी पुढे असते. लहान चणीच्या बाईला कमी लांबीची स्की लागते हे बरोबर. पण पुढे दाबून उतरणाऱ्या बाईला बायकांची म्हणून मऊ स्की देणं हा अन्याय आहे, आणि मऊ, उसळत्या स्कीवर जीव टाकणाऱ्या पुरुषाला ती नवशिक्यांची म्हणून नाकारणं हाही. खेळकर स्की सोपी असते आणि डायरेक्शनल तरबेजांची असते, हा समज दुकानांनी पसरवला. माझ्या अनुभवात दोन्हींत अवघड काम वेगवेगळ्या ठिकाणी असतं, एवढंच.

ते मला कळलं व्हँकुव्हरला आल्यावर, माझ्या मुलीमुळे. आम्ही आलो तेव्हा ती शाळेत होती, आणि व्हिसलर-ब्लॅककोम्ब दोन तासांच्या अंतरावर. याच ब्लॅककोम्बच्या हिमनदीवर उन्हाळी शिबिरांत शिकवणाऱ्या माइक डग्लस आणि त्याच्या साथीदारांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मागचं टोकही पुढच्यासारखं वर वळलेली स्की मागितली. त्यांना हवेत गिरकी घेऊन उलटं उतरायचं होतं, पाठ उताराकडे करून. सॉलोमनने ती बनवली, आणि १९९८ मध्ये 'टेन-एटी' बाजारात आली. नाव तीन पूर्ण गिरक्यांच्या अंशांवरून. दोन्ही टोकं वळलेल्या स्की आधीही होत्या, पण एक पिढीच्या पिढी डोंगराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली ती या स्कीने.

माझी मुलगी त्या नजरेची. मी उतार बघते. ती उताराच्या कडेला वाऱ्याने साचलेली बर्फाची कमान बघते, झाडामागचा खड्डा बघते, बुजलेल्या ओढ्याच्या दोन्ही भिंती बघते. तिची स्की धरून बघितली तर सगळं उलगडतं. दुकानात तुम्हीही हे करून बघा. जोडीतल्या दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावा आणि बाजूने बघा. मधोमध फट दिसते तो कॅम्बर. वजन पडलं की ती कमान दबते आणि कड लांबवर बर्फाला भिडते. टोकाकडे दोन्ही तळ पुन्हा एकमेकांपासून दूर जायला लागतात तो रॉकर. माझ्या जोडीत पुढचं टोक थोडं दूर जातं, मागे तळ जवळजवळ शेवटपर्यंत चिकटलेले. तिच्या जोडीत दोन्ही बाजूंना बरंच आधीपासून अंतर पडतं. म्हणजे तेवढ्याच लांबीची असूनही टणक बर्फावर तिची स्की आखूड वागते, आणि म्हणूनच असली स्की घेताना थोडी लांब घ्यावी लागते.

मग बाजूच्या कडेवरची बारीक रेघ शोधा. बुटाच्या तळव्याचा मध्य कुठे यावा हे ती सांगते. माझ्या स्कीवर ती स्कीच्या मध्यापासून दहाएक सेंटिमीटर मागे आहे. खेळकर स्कीत ती मध्यापासून दोन ते सहा सेंटिमीटर मागे असते, कधी अगदी मध्यावर. माझ्या मते निवडीचा सगळा निकाल या रेघेत लागतो. रुंदी, पत्रे, रंग, सगळं तिच्यानंतर. रेघ मागे असली की पुढे लांब टोक मिळतं. ते दाबा, ते उत्तर देतं. रेघ मध्याकडे आली की दोन्ही बाजू जवळपास सारख्या होतात, स्की पायाखाली पटकन फिरते आणि उलटं उतरताना अडत नाही.

मी तशी एक जोडी भाड्याने घेऊन तिच्याबरोबर गेले. पहिल्या काही वळणांतच नडगी सवयीने पुढे गेली, आणि पुढचं आखूड, मऊ टोक वाकून दबलं. मुलगी खाली उभी राहून ओरडली, "आई, दाबू नकोस गं! मध्ये उभी राहा आणि पाय फिरव." घोटे सैल, पाठ सरळ, वजन तळव्याच्या मध्यावर. दुपारपर्यंत झाडांमधून मी अशा जागी वळत होते जिथे माझ्या जोडीवर मी कधी शिरलेच नसते. शेपूट सुटत होती, बाजूला घसरत होती, वेग कमी करायला कड खोचावी लागत नव्हती. मला तो दिवस फार आवडला. आणि नंतर आम्ही मोकळ्या उतारावर आलो. तिथे प्रशांत महासागराकडून आलेला जड, ओला बर्फ सकाळपासून तुडवला जाऊन गठ्ठे झाला होता. मी वेग घेतला आणि खालची स्की उडायला लागली. मुलगी मात्र गठ्ठ्यावरून गठ्ठ्यावर उड्या घेत गेली. तिला ते गठ्ठे आपटत नव्हते. तिच्यासाठी ती उडी मारायची जागा होती.

या दोन टोकांच्या पलीकडे जाऊन विचार करणारा माणूस म्हणजे स्कीपटू शेन मॅकॉन्की. त्याने बघितलं की कॅम्बर आणि कंबर ही टणक बर्फाची गरज आहे. खोल भुसभुशीत बर्फ पाण्यासारखा वागतो. त्याने अलास्कात पाण्यावरच्या स्कींना बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायची पकड, लावून उतरून दाखवलं, आणि २००२ मध्ये व्होलांट कंपनीची 'स्पॅट्युला' आली: मध्ये रुंद, टोकांकडे अरुंद, दोन्ही टोकं वर उचललेली. तेव्हा ती विचित्र वाटली. २००९ मध्ये डोलोमाइट्समध्ये त्याचा मृत्यू झाला. आज माझ्या धातूच्या स्कीचंही पुढचं टोक जे थोडं वर उचललेलं आहे, त्यात या माणसाचा वाटा आहे. दुसऱ्या टोकाला शर्यतीची स्की. अशाच स्कीवर काश्मीरचा आरिफ खान २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला भारताचा एकुलता एक खेळाडू म्हणून उतरला, स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये. पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या स्कीच्या कडेची त्रिज्या ३० मीटर किंवा त्याहून जास्त असते. ती स्की खेळू देत नाही. तिला एकच काम येतं, आणि ते ती जगात सगळ्यात चांगलं करते.

मला कुणी विचारलं तर मी सांगते: एकाच दिवशी, एकाच उतारावर, दोन्ही जोड्या भाड्याने घ्या, आणि दुपारी, बर्फ खराब झाल्यावर चालवा. सकाळच्या नीट दाबलेल्या बर्फावर सगळ्याच स्की गोड वागतात. दमल्यावर शरीर जिथे आपोआप जातं तिथे लक्ष द्या. नडगी पुढे गेली तर मागची रेघ घ्या, मग तुम्ही नवशिके असा की मुरलेले. तळव्यावर उभं राहून पाय फिरवावेसे वाटले तर मध्याकडची. आणि तुमच्या डोंगरावर खरोखर कसला बर्फ पडतो ते बघा, जाहिरातीतला बघू नका. गुलमर्गच्या उंचीवरच्या कोरड्या, खोल बर्फात खेळकर रुंद स्की मला पटते. सांक्ट आंटोनच्या टणक सकाळी तीच मला नको असते.

माझे गुडघे आता पूर्वीसारखे दाबत नाहीत, हे गेल्या मोसमापासून जाणवतंय. म्हणून नवी जोडी मधली घेतली आहे: एकच पत्रा, शेपूट थोडी उचललेली, रेघ मध्यापासून सात सेंटिमीटर मागे. बाइंडिंग एकदा छिद्रं पाडून बसवलं की हलवणं किचकट, म्हणून या वेळी पट्टीवर मागेपुढे सरकणारं लावून घेतलं. मुलीचं म्हणणं, रेघेच्या दोन सेंटिमीटर पुढे लाव, तुला बरं वाटेल. मी डिसेंबरमध्ये आधी रेघेवर चालवणार आहे, मग एक सेंटिमीटर पुढे, मग दोन, आणि प्रत्येक वेळी त्याच एका उतारावरून दुपारी खाली येणार आहे.