संघ कोणाचा?

काही शब्दांचा अर्थ कोशात पाहून कळत नाही; तो गावोगाव जाऊन पाहावा लागतो. ‘तालीम’ हा शब्द त्यांपैकीच एक होय. सोलापुराहून अक्कलकोटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे वळसंग गाव आहे. तेथे एका घरात कानडी, शेजारच्या घरात मराठी आणि बाजारात दोन्ही, असा व्यवहार चालतो. परंतु तालीम म्हटली की सर्वांच्याच डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी उभ्या केलेल्या जोड्या, कोनाड्यात मारुतीची तसबीर आणि जत्रेतील कुस्तीच्या आशेने घाम गाळणारा एखादा पोरगा! अशा गावच्या मनुष्याने कोल्हापुरास जावे आणि तेथील तरुणास ‘तुझी तालीम कोणती?’ असे विचारावे. तो तरुण वस्तादाचे नाव सांगणार नाही. कालच्या सामन्यात आपल्या तालमीकडून गोल कोणी मारला, ते सांगत बसेल.

आमची धाकटी बहीण कोल्हापुरास एका जुन्या पेठेत दिली आहे. त्यामुळे गेली पंचवीस-तीस वर्षे आमचे तेथे जाणे-येणे आहे. आमचा सारा जन्म पुस्तकांच्या संगतीत गेला. चेंडूस पाय लावण्याचा योग विद्यार्थिदशेतही फारसा आला नाही. तथापि खेळ न येणाऱ्यास खेळाविषयी विचार करण्याची मनाई नाही. आणि या तालमींचा इतिहास जसजसा कानी पडू लागला, तसतसा एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. संघ कोणाचा असतो? पैसा देणाऱ्याचा, खेळणाऱ्याचा, की काठावर उभे राहून ओरडणाऱ्याचा? प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. त्यापायी एका घरात वर्ष-दीड वर्ष जेवणाची ताटे अबोल झालेली आम्ही पाहिली आहेत.

प्रथम इतिहास पाहू. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ पासून १९२२ पर्यंत कोल्हापुरावर राज्य केले, आणि त्या काळात मल्लविद्येस जो आश्रय मिळाला तो सर्वश्रुत आहे. १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देत आहे. पेठापेठांतून तालमी वाढल्या त्या या हवेत. तालीम म्हणजे केवळ व्यायामशाळा नव्हती. पेठेचा गणपती तेथे बसे, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसत आणि आजही बसतात. भांडण तेथे मिटे, लग्नाचा मांडव घालावयास हात तेथून येत, आणि पंचगंगेस पूर आला की बिऱ्हाडे हलविण्यास तेथलेच तरुण धावत. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर साहेबांचा चेंडू शहरात आला, तेव्हा त्याने राहावयास निराळे घर शोधले नाही. तो या तालमीतच शिरला. ज्या तरुणांनी सकाळी जोर-बैठका काढाव्या, त्यांनीच संध्याकाळी चेंडूमागे धावावे, असे होऊ लागले. १९४० साली राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था निघाली आणि या हौसेस नियम व व्यवस्था लाभली. तिला सारे शहर आज ‘केएसए’ या संक्षेपानेच ओळखते.

हिंदुस्थानात फुटबॉलच्या वेडाची नावे घ्यावयाची तर लोक कोलकाता, गोवा आणि केरळ ही घेतात. मोहन बागान हा १८८९ साली निघालेला संघ १९११ साली गोऱ्या पलटणीच्या संघास हरवून ढाल जिंकतो, आणि सारा बंगाल आनंदाने न्हाऊन निघतो, ही कथा शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. कोल्हापूरची कथा इतकी थोर नाही. परंतु ती अधिक घरगुती आहे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ अशी या संघांची नावे आहेत. यांत कोठे सिंह नाही, वाघ नाही, की कंपनीच्या मालाची जाहिरात नाही. एक तालीम पाण्याच्या पाटाकडे होती म्हणून ‘पाटाकडील’. दुसरी खंडोबाच्या नावाची म्हणून ‘खंडोबा’. नावातच पत्ता आहे. ज्याच्या नावात पत्ता असतो, त्यास घर सोडून जाणे कठीण पडते, हे आमचे म्हणणे वाचकांनी क्षणभर ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या संघांस व्यावसायिक म्हणता येत नाही आणि निव्वळ हौशीही म्हणता येत नाही. हंगाम थंडीत सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. प्रथम साखळी सामने, नंतर कोणा महापौराच्या, कोणा आमदाराच्या अथवा कोणा दिवंगत व्यक्तीच्या नावाचे चषक. हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी होते. त्या दिवसांत कोण कोणत्या तालमीत राहिला आणि कोण कोठे गेला, याची चर्चा मिसळीच्या दुकानापासून वकिलांच्या कचेरीपर्यंत चालते. खेळणारा दिवसा कोठे गाळ्यावर, कोठे कारखान्यात, कोठे महाविद्यालयात असतो. त्यास तालमीकडून जे मिळते त्यावर संसार होत नाही. परंतु त्यावाचून चांगला खेळाडू आता टिकतही नाही. वर्गणीच्या डब्यावर जे भागत असे, ते देणगीदारांवर येऊन ठेपले. आणि देणगीदार आला म्हणजे चषक हवा, चषक हवा म्हणजे बाहेरचा खेळाडू हवा, हे ओघानेच आले. प्रथम शेजारच्या जिल्ह्यांतून, मग गोव्याकडून, आणि शेवटी थेट नायजेरियातून खेळाडू येऊन पेठेच्या रंगाचा सदरा चढवू लागले.

येथे आमच्या भाच्याची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. तालमीचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. हा मुलगा सहाव्या वर्षापासून तालमीच्या दारातला. त्याचे आजोबा तेथे लेझीम खेळलेले, बाप तेथे गोलरक्षक झालेला. अठराव्या वर्षी तो मोठ्या संघात उजव्या बगलेस खेळू लागला आणि दोन हंगाम बरा खेळला. तिसऱ्या हंगामात त्याच्या जागी परदेशाहून आणलेला एक खेळाडू आला. तो आमच्या भाच्यापेक्षा एक हात उंच आणि, खरे बोलावयाचे तर, दसपट चांगला होता. भाचा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला, तो बसलाच. आमच्या मेहुण्यांनी तालमीत जाणे सोडले, वर्गणी बंद केली, आणि घरात फुटबॉल हा शब्द उच्चारावयाचा नाही, असा दंडक घातला. बहिणीने आम्हांस बोलावून घेतले. प्राध्यापक मामाने मुलाची समजूत घालावी, अशी तिची अपेक्षा होती.

आम्ही त्यास म्हणालो, “ज्यांनी तुला बाजूला सारले, त्यांच्याकरिता आता घसा कशास कोरडा करतोस?”

तो म्हणाला, “मामा, त्यांनी मला टीममधनं काढलं. तालमीतनं कसं काढतील? तालीम काय त्यांच्या एकट्याची आहे व्हय?”

आम्ही तीस वर्षे वर्गात बोलत आलो आहो. परंतु या वाक्यापुढे आम्हांस लगेच बोलता आले नाही. संघ निराळा आणि तालीम निराळी, हा भेद त्या मुलाने सहज केला होता. पुढे त्याने ज्या परदेशी खेळाडूमुळे आपली जागा गेली, त्यालाच आपल्या दुचाकीवरून सरावास नेण्या-आणण्याचे काम पत्करले. बापाने हे पाहिले तेव्हा घरात जो प्रसंग झाला, त्याचे वर्णन आम्ही करीत नाही. भाच्याचे म्हणणे एवढेच की, ‘तो बिचारा घरदार सोडून आलाय, त्याची काय चूक?’

आणि चूक खरोखरच त्याची नव्हती. पैसे घेऊन खेळणे हे पाप आहे, असे मानण्याचे दिवस विलायतेतही १८८५ सालीच संपले. त्या वर्षी तेथील संघटनेने व्यावसायिक खेळाडूंस मान्यता दिली. त्यामागील कारण विचार करण्याजोगे आहे. धनिकाचा मुलगा फुकट खेळू शकतो. गिरणीत राबणाऱ्यास एक दिवसाची रजाही परवडत नाही. मॅन्चेस्टर युनायटेडचा उगम १८७८ साली रेल्वेच्या कामगारांत झाला, आर्सेनलचा १८८६ साली तोफा-दारूगोळ्याच्या कारखान्यात. अशा खेळाडूंस मोबदला देणे हा अधर्म नसून न्याय होय. म्हणून ‘पैशाने खेळ नासला’ असा जो विलाप वारंवार ऐकू येतो, त्यात आम्ही आपला सूर मिळवीत नाही. प्रश्न पैसा आला की नाही हा नाही. पैसा निघून गेल्यावर मागे काय उरते, हा आहे.

याचे उत्तर आपल्याच प्रांतात लिहून ठेवलेले आहे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ १९६२ साली एका मोठ्या कंपनीने काढला. त्याने २००५-०६ सालचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. आणि २०१० साली कंपनीने धोरण बदलले, तेव्हा तो बंद झाला. पुण्यात २००७ साली पुणे एफसी निघाला; तो दहा वर्षेही टिकला नाही. त्याच शहरात २०१४ साली एफसी पुणे सिटी हा दुसरा संघ अवतरला. २०१९ साली तोही गेला आणि स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. या तिघांजवळ जे द्रव्य होते, त्यापुढे कोल्हापूरच्या सर्व तालमींची मिळून पुंजी म्हणजे समुद्रापुढे घागर. परंतु समुद्र आटला आणि घागर भरलेली राहिली! कारण उघड आहे. त्या संघांस मालक होते, आणि मालकास दुकान बंद करता येते. पाटाकडील तालीम बंद करावयाची कोणी? त्यासाठी सारी पेठ उठवावी लागेल.

हा नियम केवळ आपल्याकडचा नव्हे. दक्षिण कोरियात सोल शहराच्या शेजारी बुचॉन नावाचे शहर आहे. तेथील व्यावसायिक संघ त्याच्या मालक-कंपनीने २००६ साली उचलून जेजू बेटावर नेला. मागे राहिले ते फक्त काठावरचे लोक. त्यांनी रडत बसण्याऐवजी २००७ साली स्वतःचाच संघ उभा केला, २००८ साली तो अर्धव्यावसायिक अशा तिसऱ्या श्रेणीत खेळू लागला, आणि २०१३ साली तो व्यावसायिकांच्या दुसऱ्या श्रेणीत जाऊन बसला. त्याचे नाव ‘बुचॉन एफसी १९९५’ असे आहे. हा आकडा संघाच्या स्थापनेचा नव्हे; काठावर ओरडणाऱ्यांचे मंडळ ज्या साली जमले, त्या सालाचा आहे. प्रेक्षकांनी संघाच्या नावात स्वतःची जन्मतारीख घालावी, यापरते मालकीचे खरेदीखत आम्हांस तरी ठाऊक नाही. आमच्या भाच्याने जे एका वाक्यात सांगितले, ते त्या लोकांनी सहा वर्षांत करून दाखविले.

आता तालमींचे दोष झाकून ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही. पेठेचा अभिमान ही दुधारी वस्तू आहे. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांचे संघ समोरासमोर आले की मैदानावर चेंडूपेक्षा पोलिसांचीच गर्दी अधिक दिसते, आणि सामना संपल्यावर दगड भिरकावले गेल्याचे प्रकारही घडलेले आहेत. ज्यास हरणे सोसत नाही, त्यास खेळ कळला असे म्हणता येत नाही. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा; परंतु त्यास घडविण्यास पुण्याची क्रीडा प्रबोधिनी लागली. जी पेठ एका हंगामाच्या चषकासाठी लाखोंची वर्गणी जमविते, ती दहा वर्षांच्या मुलांस शिकविणाऱ्यासाठी हात आखडता घेते. भाड्याने आणलेला खेळाडू हा दागिना आहे. घरचा मुलगा हे बियाणे आहे. दागिने घालून मिरवावयास हरकत नाही, मात्र त्यासाठी बियाणे विकू नये.

आमच्या मते उपाय फार अवघड नाहीत. अकरांतील काही जागा पेठेत वाढलेल्या मुलांसाठी राखाव्या; वर्गणीचा हिशेब तालमीच्या फळ्यावर खडूने लिहावा; आणि देणगीदाराचे नाव चषकावर घालावे, परंतु निवडीच्या बैठकीत त्यास खुर्ची देऊ नये. आमचा भाचा हल्ली रविवारी सकाळी पेठेतल्या लहान मुलांस शिकवितो. त्याचे वडील अद्याप तालमीत जात नाहीत. परंतु गेल्या वर्षीपासून वर्गणी मात्र पूर्ववत सुरू झाली आहे. यापेक्षा अधिक तडजोड त्यांच्याकडून होईल, असे बहिणीस वाटत नाही. आम्हांसही वाटत नाही.

वळसंगातील काही तरुणांनी यंदा गावात फुटबॉल मंडळ काढण्याचे मनात आणले आहे. एक सधन गृहस्थ सदरे, बूट आणि चेंडू यांचा सर्व खर्च एकटे सोसावयास तयार आहेत. अट एवढीच की मंडळास त्यांच्या वडिलांचे नाव द्यावे. मुलांनी आमचा अभिप्राय विचारला आहे. आम्ही त्यांस कळविले की, गृहस्थांचे आभार मानून चेंडू घ्यावेत, नाव मात्र गावाचे ठेवावे. आणि बूट थोडे उशिरा आले तरी चालतील, परंतु घरटी दहा रुपये वर्गणी आधी गोळा करावी. मुलांस हा सल्ला रुचलेला दिसत नाही. बूट त्यांस ताबडतोब हवे आहेत.