उडत्या हुकुमांचे दप्तर

सरकार बोलते ते कागदावर, आणि कागद राहतो तो दप्तरात, अशी समजूत आपल्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. पिटणारा दोन वाक्ये ओरडून पुढच्या आळीस जाई आणि त्याचा आवाज हवेत विरून जाई. परंतु त्या दवंडीच्या पाठीशी कोणाच्या तरी अधिकाराचा हुकूम असे. आज स्थिती पालटली आहे. पाणी कोणत्या वारी येणार नाही, शाळांस सुटी केव्हा, अर्जाची मुदत किती वाढली, हे सारे सरकारी खाती समाजमाध्यमांवरील आपापल्या खात्यांतून जाहीर करतात. मौज अशी की, दोहोंसही मराठीत ‘खाते’ हाच शब्द आहे; पण एका खात्याचे दप्तर असते, दुसऱ्याचे असेलच असे नाही. दवंडी हाच हुकूम झाला, आणि हुकूम दवंडीसारखा विरू लागला.

हा केवळ आमच्या वृद्धत्वाकडे झुकलेल्या मनाचा खेळ नव्हे. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १३ मार्च २०१८ रोजी परराष्ट्रमंत्री रेक्स टिलरसन यांस दूर केल्याची वार्ता ट्विटरवरून जगास दिली. मंत्र्याची बडतर्फी हे राज्यकारभारातील केवढे मोठे कृत्य! ते ज्या चार ओळींत जाहीर झाले, त्या ओळी सरकारी कागद ठरतात की नाही? तेथे १९७८ सालचा अध्यक्षीय अभिलेखांचा कायदा आहे. त्यान्वये अध्यक्षाचे कामकाजाचे कागद राष्ट्राच्या मालकीचे ठरतात. त्यास अनुसरून तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१७ सालीच व्हाइट हाउसला असा सल्ला दिला की, प्रसिद्ध झालेली वचने तर जतन करावीतच, पण मागाहून पुसलेली वा दुरुस्त केलेलीही जपून ठेवावीत. पुढे ८ जानेवारी २०२१ रोजी कंपनीने ट्रम्प यांचे खातेच बंद केले. २०२२ साली ते पुन्हा उघडले हे खरे. तथापि सरकारच्या बोलण्याची मूळ प्रत एका खाजगी व्यापाऱ्याच्या वखारीत पडलेली असते आणि वखारीची किल्ली त्याच्याच कनवटीस असते, हे त्या दिवशी सर्वांस कळून चुकले.

कोणी म्हणेल, ही क्षणभंगुर बडबड कशाला साठवायची? सणाच्या शुभेच्छा आणि उद्घाटनांची छायाचित्रे यांचे ओझे भावी पिढ्यांवर का लादावे? या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१० साली ट्विटरवरील सारी सार्वजनिक वचने साठविण्याचे मनावर घेतले. १ जानेवारी २०१८ पासून मात्र त्यास निवडीचा मार्ग पत्करावा लागला. तेव्हा निवड हवीच. पण ती विचारपूर्वक व्हावी, विस्मृतीने होऊ नये. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या चारपाच वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. ही निवड त्यांस करता आली, कारण मूळचे हजारो रुमाल शिल्लक होते. जे उरलेच नाही, त्यातून निवडणार काय?

आणि प्रश्न केवळ इतिहासकाराचा नाही. आमच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढल्याचे एका कचेरीने समाजमाध्यमावर जाहीर केले. त्यावर विसंबून हा मुलगा गावी कागदपत्रे आणावयास गेला. परत येऊन पाहतो तो ती सूचना नाहीशी झालेली! कारकुनाने विचारले, “लेखी काय आहे?” मुलाजवळ काहीच नव्हते. “सर, मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते,” एवढेच तो आम्हांस पुनःपुन्हा सांगत राहिला. त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली ती बुडालीच. कचेरी खोटे बोलली असे आम्ही म्हणत नाही. आपण काय बोललो याची नोंदच तिने ठेवली नव्हती. नागरिकाजवळ पुरावा नसावा हे समजू शकते. सरकारजवळही नसावा, हे मात्र असह्य आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १९९३ सालच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकातून निर्माण झालेली सामग्रीही अभिलेखांत गणली आहे. आपल्या देशात सामान्य ग्राहकांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे कायदा काळाच्या दोन पावले पुढेच होता! नियमाबाहेर अभिलेख नष्ट करणारास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा त्यात सांगितली आहे, आणि प्रत्येक खात्याने एक अभिलेख अधिकारी नेमावा असेही म्हटले आहे. २००५ सालचा माहितीच्या अधिकाराचा कायदाही दप्तर सूचीसह नीट लावून ठेवण्यास बजावतो. उणीव आहे ती सवयीची. हातातील यंत्रावर बोट फिरवून केलेली गोष्ट सरकारी कृत्य आहे, असे ती करणारास वाटतच नाही.

उपाय साधे आहेत. प्रत्येक सूचनेची प्रत, तारीख, वेळ आणि मागाहूनच्या फेरफारांसह, कचेरीच्या स्वतःच्या संग्रहात त्याच दिवशी जावी. सूचना मागे घ्यावयाची तर ती पुसू नये. खाली नवी सूचना द्यावी. नागरिकांच्या तक्रारी व त्यांस दिलेली उत्तरेही जपावीत, मात्र त्यांतील खाजगी तपशील झाकून. अधिकारी बदलून जाताना तिजोरीच्या किल्ल्यांबरोबर समाजमाध्यमावरील खात्याचाही चार्ज रीतसर द्यावा. यांपैकी कशासही मोठा खर्च नाही. हवी आहे ती जुन्या फडनिशी बाण्याची चिकाटी.

मनुष्य बोललेले विसरला तर त्यास आपण विसराळू म्हणून सोडून देतो. परंतु सरकारच्या शब्दावर लोक आपले दिवस, पैसा आणि कधी कधी आयुष्याची दिशाही ठरवितात. ज्याच्या शब्दाला इतके वजन, त्याने तो शब्द सांभाळून ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे.