स्वस्त म्हणजे हलके नव्हे

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नवी भाषा कशासाठी शिकावी, असा प्रश्न वाचकहो, आपल्या मनात येईल. आमची नात स्पेनमध्ये वाढते आहे. तिचे मराठी आटू लागले, तशा आमच्या गप्पाही आटल्या. म्हणून दर रविवारी सायंकाळी नवीन पनवेलच्या आमच्या घरात मोबाइलच्या पडद्यावर वर्ग भरतो. शिक्षिका नऊ वर्षांची, विद्यार्थी मी, आणि भाजी निवडता निवडता ऐकणारी माझी पत्नी.

स्पॅनिश आपल्याला वाटते तितकी परकी नाही. पोर्तुगीज ही तिची सख्खी बहीण, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही नांदते. आपला ‘पगार’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे.

एका रविवारी ‘बारातो’ हे विशेषण आले. बारातो म्हणजे स्वस्त. आपला ‘स्वस्त’ लिंगवचनाने बदलत नाही. बारातो मात्र ‘चांगला-चांगली’प्रमाणे बदलतो. स्त्रीलिंगी बाराता, अनेकवचनी बारातोस आणि बारातास. शिवाय ‘एस बारातो’ म्हणजे वस्तू एरवीच स्वस्त, तर ‘एस्ता बारातो’ म्हणजे सध्या स्वस्त मिळते आहे, हंगामातल्या टोमॅटोसारखी. मग नात म्हणाली, “आजोबा, कधी कधी बारातो म्हणजे वाईट पण.”

किंमत आणि दर्जा एकाच शब्दात! त्यांच्याकडे म्हणही आहे: ‘लो बारातो साले कारो’, म्हणजे स्वस्तातले शेवटी महागात पडते. मी आनंदाने पत्नीला म्हणालो, “बघ, म्हणूनच मी त्या जेनेरिक गोळ्या आणू देत नाही.”

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. “अहो, म्हणूनच तर मी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेते. महाग आहे ना ती.”

तिला अधूनमधून येणारी भोवळ मी वयाच्या माथी मारत होतो. ‘स्वस्त’ आणि ‘हलके’ हे शब्द मराठीत वेगळे असूनही मी ते मनात एक करून टाकले होते. त्याची किंमत ती चुकवीत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब वाढलेला होता. त्यांनी समजावले की जेनेरिक गोळीत औषधी घटक तोच आणि तितकाच असतो. नाममुद्रा आणि जाहिरात यांचा भार नसल्याने ती स्वस्त पडते. सरकारची जनऔषधी योजना 2008 पासून याच हेतूने चालू आहे. त्यांनी चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून दिले. आता गोळी रोज घेतली जाते, आणि रक्तदाबाची नोंद मी वहीत ठेवतो.

मात्र बदल आपल्या मनाने करू नये. अपस्मार, थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे यांत तर डॉक्टरांना विचारल्याविना मुळीच नको. पाकिटावरील घटकाचे नाव, मात्रा आणि वापरण्याची मुदत ताडून पाहावी, दुकानातून पावती घ्यावी. दर्जाची खात्री या गोष्टींवरून करावी, किमतीवरून नव्हे.

पुढच्या रविवारी मी वाक्य रचले: “लास पास्तियास सोन बारातास.” गोळ्या स्वस्त आहेत. नातीने टाळी वाजवली. पत्नी हसली, आणि उठून तिने गोळी घेतली.

आपल्या घरी आजारी माणूस असेल, तर “गोळी घेतलीस का?” एवढेच विचारून थांबू नका. “पैशांचा विचार करून चुकवत तर नाहीस ना?” हेही जवळ बसून, मायेने विचारा. उत्तर मिळायला वेळ लागेल, तेवढे थांबा.